खांदा नसलेला कपडा कमरेवर टांगावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या शनिवारी तुमच्या महिलांच्या पुरवणीत कपाट कसं आवरावं यावर एक लेख आला होता. लेख चांगला होता, म्हणजे वाचायला चांगला होता. सगळे कपडे एकाच रंगाच्या हँगरवर लावा, फिक्या रंगापासून गडद रंगापर्यंत ओळ धरा, कपाट उघडलं की मन प्रसन्न होतं, असं सगळं. सोबत मोठा फोटो होता. त्यात डावीकडून तिसरा एक गुलाबी गाऊन होता, बिनखांद्याचा. आमच्याकडच्या मुलीही आता त्याला स्ट्रॅपलेस म्हणतात. तो वरच्या काठाला दोन स्टीलचे चिमटे लावून लोंबकळवला होता. खाली खडीकाम, घेर, अस्तर, घेर फुगवणारी ताठ जाळी म्हणजे कॅनकॅन, असं मिळून तीन-साडेतीन किलोचा ऐवज, आणि एवढं सगळं ओझं कशावर, तर वरच्या बोटभर काठावर! फोटो पाहून माझी झोप उडाली असं म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी चहा उकळायच्या आत वही घेऊन बसले, एवढं खरं.

मी अमळनेरची. वय 61. पायमशीनवर बसून 34 वर्षं झाली. ब्लाउज, फॉल-पिको आणि शाळेचे गणवेश यांवर घर चाललं. हल्ली गाऊन आणि लेहेंग्यांची दुरुस्तीच जास्त येते. आमच्या गावावरून सुरत-भुसावळ लोहमार्ग जातो. सुरतेत जे शिवलं जातं ते गठ्ठ्यांत बांधून थोड्याच दिवसांत नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगावच्या दुकानांत लटकलेलं दिसतं. पूर्वी शालू आणि एखादी पैठणी झाली की नवरीचं भागायचं. आता हळदीचा वेगळा, संगीताचा वेगळा, रिसेप्शनला गाऊन. मला यात काही वावगं वाटत नाही. वाटलं असतं तरी बोलले नसते, माझं पोट त्यावर आहे.

माझे वडील प्रताप मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. संध्याकाळी जेवताना घरात कापडाचंच बोलणं. लहानपणी त्यांनी मांजरपाटाचा एक तुकडा माझ्या हातात देऊन उभ्या धाग्यावर ओढायला लावला होता. ढिम्म हलला नाही. मग कोपऱ्याला धरून तिरका ओढायला लावला, तर रबरासारखा लांबला. ‘कापडाला पण बाजू असते,’ एवढंच ते म्हणाले आणि भाकरी कुस्करायला लागले. शिलाईच्या क्लासात सहा महिने घालवले, पण या दोन मिनिटांत जे कळलं ते तिथे कुणी सांगितलं नाही.

आता मुद्द्यावर येते, आणि आधी माझीच चूक सांगते, म्हणजे लेख लिहिणाऱ्या ताईंना वाईट वाटायला नको.

पहिला बिनखांद्याचा गाऊन माझ्याकडे 2016 च्या मे महिन्यात आला. पुण्याला नोकरी करणारी मुलगी, लग्न गावाकडे. कमरेत दीड इंच घ्यायचा होता. गाऊन उलटा केला तर आत दोन्ही कुशींच्या शिवणीत पांढऱ्या साटीनच्या फितीचे दोन लांबलचक लूप. मला वाटलं, कारखान्यातल्या पोरांची फीत कापायची राहून गेली. घेतली कात्री आणि दोन्ही साफ केले. वर मुलीला ऐकवलं, बघ, मावशी किती बारीक काम बघते. तीही खूश, मीही खूश.

दोन वर्षांनी तोच गाऊन धाकट्या बहिणीसाठी परत आला. ओळखू येईना. मुलगी म्हणाली, ‘मावशी, तो हँगरवर राहतच नव्हता. लावला की घसरायचा. आईने सेफ्टी पिना लावून टांगला, तर नेट फाटली. मग तसाच कपाटाच्या तळाला पडून राहिला.’ अशा गाऊनच्या छातीच्या भागात प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या असतात, आम्ही त्यांना बोन म्हणतो. त्या पट्ट्यांवरच वरचा भाग ताठ उभा राहतो. त्यातल्या दोन छत्रीच्या मोडक्या काडीसारख्या वाकल्या होत्या आणि एक अस्तर फाडून बाहेर आली होती. कप आत दबून वाटीचे पराती झाले होते.

तेव्हा मी तो गाऊन पहिल्यांदा नीट उसवून पाहिला. आत, अस्तराच्या मागे, कमरेला बोटभर रुंदीची घट्ट फीत होती आणि तिला मागे दोन हूक. ती फीत आधी कमरेला लावायची असते आणि मग चेन ओढायची असते. त्या मुलीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. रिसेप्शनभर ती गाऊन हाताने वर ओढत राहिली होती, व्हिडिओतही ते दिसतं म्हणे. आणि मी कापलेले ते दोन लूप नेमके त्या कमरेच्या फितीपाशी शिवलेले होते.

एकदम डोक्यात उजेड पडला. बिनखांद्याचा कपडा अंगावर टिकतो तो छातीवर नाही, कमरेवर. छाती फक्त आकार देते, ओझं कंबर वाहते. मग कपाटातही तो कमरेवरच टांगला पाहिजे. त्या लांब फिती त्यासाठीच असतात: कमरेपासून निघून आतल्या आत वर येतात, काठाबाहेर डोकावतात आणि हँगरला अडकतात. छातीचा भाग मग नुसता उभा राहतो, त्याच्यावर काहीच ओढ येत नाही.

यात नवल ते काय, असं नंतर वाटलं. आमच्या आयांचं नऊवारी लुगडं तरी कशावर उभं होतं? खांद्यावर नुसता पदर असायचा. नऊ वारांचं सगळं ओझं कमरेच्या गाठीवर. पहाटेपासून दळण, पाणी, शेत, तरी लुगडं जागचं हलायचं नाही. तेच शास्त्र सुरतेच्या गाऊनमध्ये शिवून आलं होतं आणि मी ते कात्रीने कापून टाकलं.

त्या मुलीचं काम मी फुकट करून दिलं. फीत लावून दिली, बोन बदलले. मोडलेला कप मात्र मोडलेलाच राहिला, त्यावर आतून पॅड शिवून वेळ मारून नेली.

हे लूप तुमच्या वाचक घरीही लावू शकतील म्हणून माप देते. काखेखालच्या काठापासून कमरेच्या शिवणीपर्यंत मोजा. बहुतेक गाऊनमध्ये ते आठ इंचांच्या आसपास भरतं. त्यात दोन इंच मिळवून दुप्पट करा आणि शिवणीसाठी एक इंच धरा. म्हणजे 21 इंचांची एक फीत, अशा दोन. रुंदी पाव इंच पुरे. साटीनची फीत दिसायला छान, पण घसरते. मी सुती नाडी वापरते. शिवताना ती वरच्या नेटला शिवायची नाही, नुसत्या अस्तरालाही नाही. कमरेत जिथे अस्तर, बाहेरचं कापड आणि आतली फीत एकत्र येतात त्या जाड शिवणीत घ्यायची आणि हातटीप, म्हणजे मागे टाका घेत हाताने घट्ट टीप, मारायची. धावदोऱ्यावर, म्हणजे नुसत्या सरळ पुढे जाणाऱ्या टाक्यावर, भागवू नका, पहिल्याच उन्हाळ्यात सुटेल.

मुली लूप कापतात त्यालाही कारण आहे. नाचताना ते काखेतून बाहेर येतात आणि फोटोत दिसतात. त्यावर उपाय म्हणून लूपच्या टोकाला एक आणि आत अस्तराला एक असं टिचबटण लावा. घालताना लूप खाली वळवून बटण दाबलं की दिसतच नाही. हे माझं डोकं नाही. जळगावच्या एका शिंप्याने मला दाखवलं आणि त्या बदल्यात माझ्याकडून काजाची एक युक्ती घेतली.

गाऊन हलका असेल, साधा क्रेप किंवा सुती, तर काखेजवळचे आखूड लूपही चालतात. ज्याला वजन आहे त्याला मात्र कंबरच लागते.

हँगरचीही एक गंमत आहे. बायका गाऊन भारी म्हणून हँगरही भारी घेतात, नवऱ्याच्या कोटाचा, जाड लाकडी, हातभर रुंद. त्यावर लूप दोन टोकांना ताणले जातात आणि कमरेची शिवण आडवी ओढली जाते. बिनखांद्याच्या कपड्याला हँगर त्याच्या छातीपेक्षा अरुंद लागतो. पोरांच्या गणवेशाचा प्लॅस्टिकचा हँगर, टोकाला खाच असलेला, त्याच्याइतका चांगला दुसरा नाही. फक्त तो जाड प्लॅस्टिकचा बघून घ्या. खाच नसेल तर डावा लूप उजव्या टोकाला आणि उजवा डाव्या टोकाला अडकवा, फुली पडते आणि घसरत नाही. मखमली पाठीचे हँगर मिळतात तेही चांगले, पण ते पातळ पट्ट्यांच्या कपड्यांना. जिथे पट्टीच नाही तिथे मखमल तरी काय धरणार? इस्त्रीवाल्याकडून येणाऱ्या तारेच्या हँगरवर मात्र काहीच ठेवू नका. पावसाळ्यात तो गंजतो आणि गंजाचा डाग साटीनवरून कुणाच्या बापाला काढता येत नाही.

टांगण्याआधी चेन पूर्ण लावा, वरचा हूकही लावा. उघडी चेन ठेवली की मागची बाजू लोळते आणि बोन एका कडेला वाकतात. छातीच्या भागात जुन्या सुती लुगड्याचा मऊ तुकडा भरा, ठासून नाही, उशीच्या कोपऱ्यात कापूस सारतो तेवढाच. कप आकारात राहतात. हाच नियम बिनपट्टीच्या बॉडीला. (वर्तमानपत्रात हा शब्द लिहायला हात जरा अडखळला, पण पुरवणीतल्या जाहिरातींत तुम्ही याहून जास्त दाखवता.) एक कप दुसऱ्यात उलटा घालून ठेवायची बायकांना सवय असते, त्याने कपाची कायमची घडी पडते. वाट्या जशा एकात एक सरळ बसतात तशा त्या एकीमागे एक उभ्या ठेवाव्यात. काठाच्या आतली सिलिकॉनची पट्टी प्रत्येक वेळी ओल्या फडक्याने पुसून वाळवावी. पावडर आणि घाम बसला की तिची पकड जाते आणि मग दोष शिंपिणीला.

गाऊन लांब असतो आणि आपल्याकडच्या लोखंडी कपाटाचा टांगायचा कप्पा आखूड. घेर तळाला गोळा होतो आणि तिथेच चुरगळतो. खालच्या घेराला आतून दोन छोट्या फिती लावून घेर वर उचला आणि त्याच हँगरला अडकवा, किंवा लांब टॉवेलची वळकटी करून त्यावरून घेर सोडा. आमच्या जुन्या घरात ओसरीवर दोरीने टांगलेली बांबूची वलणी होती. लुगडी त्यावर मधोमध टाकलेली असायची. गोल, जाड बांबू, त्यामुळे कधी रेघ पडली नाही. ज्यांच्याकडे लूप नाहीत, शिवायला वेळही नाही, त्यांनी तेच करावं. हँगरच्या आडव्या दांडीला जुना टॉवेल गुंडाळावा आणि गाऊन कमरेत दुमडून त्यावर टाकावा. चिमट्यापेक्षा हजारपट बरं. चिमटाच लावायचा असेल तर कमरेच्या शिवणीला लावा आणि मध्ये सुती चिंधी घ्या. वरच्या काठाला नको म्हणजे नको. तिथलं इलॅस्टिक एकदा सैल पडलं की त्या कपड्याला पुन्हा माणसात आणता येत नाही.

आणि सगळंच टांगायचं कशाला? त्या लेखातलं हेच मला सगळ्यात खटकलं. माझ्या वडिलांचा तिरका ओढलेला तुकडा आठवा. उरेब कापलेला कपडा, म्हणजे तिरक्या धाग्यावरचा, महिनाभर टांगून ठेवला तर स्वतःच्या वजनाने लांबतो, तोही सगळीकडे सारखा नाही. खालचा काठ एकीकडे टाचेला आणि एकीकडे पोटरीला. अशा दोन गाऊनचे काठ मी या उन्हाळ्यात सारखे केले. विणलेल्या, ताणल्या जाणाऱ्या कापडाचंही तसंच. जॉर्जेटवर कटदाणा, म्हणजे काचेचे बारीक मणी, आणि मोती भरलेले असतील तर मोत्यांचं वजन कापडाला खाली ओढतं, टाके सैल होतात आणि एक दिवस लग्नाच्या हॉलमध्ये मोती घरंगळतात. हे कपडे आडवे ठेवावेत, मोठ्या घड्या घालून, घडीत मऊ कापडाची गुंडाळी ठेवून, आणि वर दुसरं काही न रचता. शिफॉनची ओढणी तर टांगूही नये आणि घडीही घालू नये. कापडाच्या दुकानात तागा संपला की पुठ्ठ्याची नळी उरते. मागितली तर दुकानदार फुकट देतो. तिच्यावर आधी सुती कापड, मग ओढणी.

पैठणीचं तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, येवला काही लांब नाही. भरजरी पदर हँगरवर वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवला की घडीच्या रेघेवर रेशीम तुटतं. माझी माय अहिराणीत सांगायची, ‘घडी बदलत ऱ्हाय, नहीते घडीच लुगडाले खाई.’ दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या मुलींकडून ती पेटी उघडून घ्यायची. मुली आधी झोक्यावर, मग पेटीवर. आम्हाला ते काम वाटायचं नाही.

खान्देशात राहणाऱ्यांसाठी म्हणून दोन गोष्टी जास्त सांगते, कारण पुण्या-मुंबईच्या लेखात त्या येत नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो. पश्चिमेच्या भिंतीला लागून लोखंडी कपाट असेल तर दुपारी चारला आत हात घालून बघा, भट्टी. त्या उष्णतेत इलॅस्टिक मरतं आणि गोंदाने चिकटवलेली खडी सुटते. कपाट आतल्या भिंतीला घ्या, निदान भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. दुसरी गोष्ट कूलरची. आपण समजतो, उन्हाळा कोरडा, कपड्यांना ओल कुठून लागणार? पण ज्या खोलीत कपाट त्याच खोलीत रात्रभर कूलर, आणि कपाटाचं दार अर्धवट उघडं. ओलसर वारा थेट कपड्यांवर. मे महिन्यात पदराची जरी काळी पडलेली मी पाहिली आहे आणि पांढऱ्या गाऊनच्या काठावर बुरशीचे ठिपकेही. गिऱ्हाईक शपथेवर सांगत होतं की पाण्याचा थेंब लागलेला नाही. लागला होता, वाऱ्यातून.

गाऊन घालून आल्याबरोबर कपाटात टाकू नका. रात्रभर सावलीत, वाऱ्यावर, त्याच लूपवर टांगा. घाम सुकू दे. हा कपडा थेट कातडीवर बसतो, मध्ये काही नाही, म्हणून वरचा काठ सगळ्यात आधी पिवळा पडतो.

वरून झाकायला दुकानातली प्लॅस्टिकची पिशवी वापरू नये. आत वाफ कोंडते. मांजरपाटाची खोळ शिवा, दोन मीटर कापडात होते. पण नवा मांजरपाट आधी दोनदा धुवा, त्याला खळ असते. कसर खळीसाठी येते. नेटच्या गाऊनमध्ये, म्हणजे पॉलिएस्टर-नायलॉनमध्ये, तिला तसा रस नाही, पण खळ किंवा गुलाबजामाच्या पाकाचा डाग मिळाला की ती पाहुणी झालीच. रेशमाच्या कपाटात डांबरगोळ्या ठेवल्या तर कापडात बांधून वरच्या बाजूला टांगा, त्यांचा वास हवेपेक्षा जड असतो, तो खाली उतरतो. जरीला आणि टिकल्यांना त्या चिकटू देऊ नका. वेखंड किंवा कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवत असाल तर तोही पुरचुंडीतच.

हँगरच्या टोकांना रबरबँड गुंडाळायचा सल्लाही हल्ली फार फिरतो. पॉलिएस्टरला एक वेळ चालेल, पण रबरात गंधक असतं आणि चांदीची जर गंधकाने काळी पडते. शिवाय आपल्या उन्हाळ्यात तो वितळून हँगरला गोचिडासारखा चिकटतो. सुती नाडी गुंडाळा.

आणि संपादक साहेब, राग मानू नका, पण रेशमी साड्या तुमच्या पेपरात गुंडाळून ठेवू नयेत. हे मी तुमच्याच पेपरला लिहिते आहे, याची मला कल्पना आहे. पेपराचा कागद वर्षभरात पिवळा पडतो आणि तो पिवळेपणा कापडालाही देतो. शाई लागते ती वेगळीच. वाचायला तुमचा पेपर घरी रोज येतो, तो येत राहील.

आता शेवटचं, ज्यासाठी खरं तर मी वही उघडली. गाऊन खराब होतात ते लूप माहीत नसतात म्हणून, हे अर्धं झालं. बाकी अर्धे खराब होतात ते लपवल्यामुळे. गेल्या महिन्यात एक सून दुपारी दोन वाजता आली, भाजीच्या पिशवीत काहीतरी कोंबून. दार लावून घ्या म्हणाली. पिशवीतून काय निघालं, तर हिरवा नेटचा गाऊन, तिच्या स्वतःच्या रिसेप्शनचा. फोटोत तो सगळ्या गावाने पाहिला आहे! पण लग्नानंतर सासरी कपाटात टांगायची तिची छाती झाली नाही. टांगायचा कप्पा सासऱ्यांच्या सफारींचा. म्हणून अकरा महिने तो दिवाणच्या पेटीत, गोधड्यांच्या खाली. कॅनकॅन पापडासारखी चपटी, टिकल्या एकमेकींना चिकटलेल्या, आणि दोन्ही लूप कापलेले. ते कुणी कापले हे मी विचारलं नाही.

आमच्या पिढीत आतले कपडे दोरीवर टॉवेलखाली वाळायचे. ऊन लागायचं नाही, वारा लागायचा नाही, वास यायचा, पण वरून टॉवेल दिसला म्हणजे झालं. मी स्वतः 30 वर्षं तसंच वाळवलं. तीच सवय आता कपाटात शिरली आहे. एवढ्या पैशांचा गाऊन गोधडीखाली कुजतो, आणि 300 रुपयांचा पंजाबी ड्रेस दांडीवर ऐटीत लटकतो. तुमच्या लेखात रंगांची ओळ लावायला सांगितली होती. आमच्याकडच्या कित्येक सुनांना ओळीत आधी जागा मिळायला पाहिजे, रंगाचं नंतर बघू.

त्या हिरव्या गाऊनची पुढची गोष्टही सांगते, कारण ती मलाही अपेक्षित नव्हती. सून माप देऊन गेली आणि चौथ्या दिवशी तिची सासूच दारात. मी घाबरले, म्हटलं आता पोरीचं काही खरं नाही. बाई पाटावर टेकल्या, गाऊन मागितला, मांडीवर पसरून बराच वेळ उलटसुलट केला. ‘हाऊ काय कपडा शे व माय, ना खांदा ना बाही,’ म्हणाल्या. मग जरा वेळाने, हलक्या आवाजात, ‘मी तेन्ह्या सफारी काढी टाक्यात. कप्पा मोकळा शे. पण हाऊ टांगू कसा, ते सांग.’ मी त्यांना लूप दाखवले, कमरेची फीत दाखवली. नऊवारीची गाठ सांगितल्यावर त्यांना एका क्षणात कळलं, सुनेला समजावायला मला अर्धा तास लागला होता.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या पुरवणीत त्या फोटोखाली चार ओळींची दुरुस्ती छापावी. चिमटे काठाला लावू नयेत, आतले लूप कापू नयेत, एवढं आलं तरी चालेल. आणि गाऊन विकणाऱ्या दुकानदारांनी बिल करताना गाऊन उलटा करून लूप आणि कमरेची फीत एकदा दाखवावी. एक मिनिटाचं काम आहे. सुरतेहून गठ्ठा आणताना जेवढी घासाघीस करता त्याच्या शंभरावा हिस्साही वेळ जाणार नाही.

माझं नाव छापू नये. गावात सगळे ओळखतात, आणि 2016 ची गोष्ट ज्यांची आहे त्यांचं घर माझ्याच गल्लीत आहे.

आपली नियमित वाचक,
एक शिलाईकाम करणारी
अमळनेर, जि. जळगाव

ता. क. : हिरव्या गाऊनवाल्या सासूबाईंसाठी, चार दिवस फोन लागत नाही म्हणून इथेच लिहिते. गाऊन तयार आहे, लूप लावले, कॅनकॅन वाफेवर उभी केली. घ्यायला याल तेव्हा सफारीचा लाकडी हँगर आणू नका, रुंद पडेल. नातवाच्या गणवेशाचा आणा.